‘शे’ म्हणजे शंभर

धुळे, १९ ऑगस्ट २०२५

योगेंद्र,

काल दुपारी भिकुबाईंची पाचवी बकरी मेली. शिंदखेडा तालुक्याचे पशुवैद्यक डॉ. फैसल यांनी माझ्यासमोर तिचं पोट उघडलं. चौथ्या कप्प्यात जंत होते. केसासारखे बारीक, लाल-पांढरा पीळ असलेले, एकमेकांत गुंतलेले. बादलीत धुतले तर पाणी गुलाबी झालं. रक्त पिणाऱ्या जंतांमुळे रक्तक्षय होऊन मृत्यू, असं त्यांनी अहवालात लिहिलं आहे. सही, शिक्का, तारीख आहे. प्रत सोबत जोडली आहे.

तू दीड वर्षापूर्वी तुझ्या फोनवर माझा नंबर बंद केलास. विद्यापीठाच्या ईमेलचा पत्ता तुला बंद करता येत नाही, म्हणून पत्र इथे पाठवते आहे.

भिकुबाई कोण, ते तुला माहीत नाही. तुझ्या संशोधनाच्या जोरावर जळगावच्या संस्थेने गेल्या वर्षी ज्या आठ घरांना रुपचंद आबांच्या निमखेडीच्या कळपातले बोकड दिले, त्यातलं एक घर त्यांचं. नवरा नाही. अकरा बकऱ्या होत्या, आता सहा आहेत, आणि त्यातल्या दोघींच्या गळ्याखाली पाणी भरलं आहे. बोकड देताना संस्थेच्या लोकांनी त्यांना छापील कागद दिला. या बोकडाच्या वंशात जंतांशी लढण्याची ताकद पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहे, औषध पाजत राहिलात तर ती ताकद उतरेल, म्हणून जंताचं औषध बंद ठेवा. कागदाच्या तळाशी तुझं नाव आहे, डॉक्टर लावून. मधली दोन वाक्यं तुझ्या लेखातून उचललेली आहेत.

आठपैकी सहा घरांत बकऱ्या मेल्या आहेत. आजपर्यंत एकोणीस.

१५ सप्टेंबरला दोंडाईचाला आणखी साठ घरांना बोकड आणि तोच कागद वाटला जाणार आहे. संस्थेचे प्रेमराज नाना यांना मी परवा भेटले. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “ताई, पेपर परदेशात छापून आला आहे. तुमचं नाव कुठं आहे त्यात?” मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, “मग ज्यांचं आहे त्यांना लिहायला सांगा. एका ओळीवर थांबवतो.”

ती ओळ तुझ्याकडून हवी आहे. संस्थेला कळव की औषध बंद करण्याचा सल्ला चुकीचा होता. आणि लेख छापणाऱ्या मासिकाला कळव की निमखेडीचे पावसाळ्यातले आकडे खरे नाहीत. ते का खरे नाहीत, ते तू विचारल्यावर सांगेन. तू विचारणार आहेस का, तेच बघायचं आहे.

श्रावणात कानबाईच्या रोटांच्या सणाला तू जर्मनीहून जळगावला येऊन तीन दिवस राहिलास, असं सुलक्षणा मावशीकडून कळलं. जळगावहून धुळे दोन तासांचा रस्ता आहे.

ज्योत्स्ना


धुळे, २३ ऑगस्ट २०२५

योगेंद्र,

तुझं उत्तर मिळालं. इंग्रजीत, पाच ओळी, वर ‘प्रिय सहकारी’. सख्ख्या बहिणीला सहकारी म्हणायचं आणि लेखात मात्र सहकाऱ्यांच्या यादीत घ्यायचं नाही. आभाराच्या परिच्छेदात मी ‘धुळे येथील क्षेत्रीय कर्मचारी’ आहे. तीन वर्षं लेंड्या गोळा केल्या, पाण्यात घोळवल्या, गाळल्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अंडी मोजली, त्याचं हे नाव.

तू लिहितोस की काही जनावरं मेली म्हणून सिद्धांत पडत नाही. निवड अशीच होते, अशक्त मरतात आणि सशक्तांची पिल्लं उरतात. तू इंग्रजीत लिहिलेलं हे वाक्य मी भिकुबाईंना मराठीत सांगितलं. काल मी निमखेडीला आणि तिथून त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुना भाऊनी सांगं दवाई पाजू नका, आम्ही नही पाजी. आते बकऱ्या मरी राहिन्यात तं म्हने चांगलंच शे. त्यानी आठे यावं आनि मना तोंडवर सांगावं.”

मी म्हटलं, तो जर्मनीत आहे.

“तठे बकऱ्या शेतस का?”

असतील, म्हटलं.

“मंग त्या मरू दे ना आधी.”

मी त्यांच्या दोन बकऱ्यांच्या लेंड्या घेतल्या आणि धुळ्याला परतेपर्यंत न थांबता तिथल्याच दवाखान्यात ग्रॅममागे किती अंडी आहेत ते मोजलं. एकीची बावन्नशे, दुसरीची अडतीसशे. तुझ्या लेखात निमखेडीच्या कळपाची पावसाळ्यातली सरासरी शंभराच्या आत आहे. इथे चाळीस-पन्नासपट. या बकऱ्यांचा बाप त्याच कळपातला आहे.

तू विचारलं नाहीसच, तरी आता ऐक, आकडे का खरे नाहीत ते.

वहीत मी आकडे अक्षरांत लिहीत असे. देवनागरी एक आणि नऊ ओल्या हाताने लिहिले की सारखे दिसतात, म्हणून आमच्या पशुसंवर्धन कार्यालयात हीच रीत आहे. दीडशे, चारशे, साडेनऊशे. २०२२च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे तुझ्या लेखातल्या एकमेव पावसाळ्यात, वहीत बहुतेक ओळींवर एकच अक्षर आहे. शे. उरलेल्या ओळींवर ‘नही’.

तू ‘शे’चे शंभर केलेस आणि ‘नही’चं शून्य.

ते शंभर नव्हतं, योगेंद्र. ते अहिराणी होतं. जंत शे. म्हणजे आहेत. किती आहेत ते त्या अकरा आठवड्यांत मोजलेलंच नव्हतं, कारण तू पाठवलेली रेघांची मोजणीची काच फुटली होती आणि दुसरी येईपर्यंत साध्या काचेवर फक्त अंडी दिसतात की नाही एवढंच पाहता येत होतं. आमचा शिपाई पुनाभाऊ ओळी लिहून घ्यायचा. मी सूक्ष्मदर्शकातून सांगायची, तो ऐकायचा तसं लिहायचा. तो शिंदखेड्याकडचा आहे, ‘आहे’ लिहिणार नाही.

आईने तुला ‘शे’ बोलू दिलं नाही. जळगावच्या घरात शाळेतून ‘काय शे’ म्हणत आलास की ती पट्टी घ्यायची. मला धुळ्याला नोकरी लागल्यावर मी ती भाषा पुन्हा शिकले, तू पुण्याला जाऊन उरलीसुरली विसरलास. त्यामुळे ‘दोनशे, साडेतीनशे, पाचशे’ यांच्या खाली ‘शे’ दिसल्यावर तुला शंभरच दिसणार. मी तेवढं समजून घेते.

पण पावसाळ्यात, जेव्हा जंत सगळ्यात जास्त असतात, तेव्हा एका कळपाच्या बेचाळीस बकऱ्यांचा आकडा अकरा आठवडे बरोबर शंभर नाही तर शून्य येतो, ना नव्वद ना एकशेवीस, हे पाहून तुला काहीच वाटलं नाही? की वाटलं आणि आवडलं?

१५ सप्टेंबरला तेवीस दिवस आहेत.

ज्योत्स्ना


धुळे, २९ ऑगस्ट २०२५

योगेंद्र,

काल तू फोन केलास. मी बोललेलं तू नंतर नाकारू नयेस आणि तू बोललेलं मी वाढवून सांगू नये, म्हणून लिहून ठेवते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू म्हणालास, “नव्वद कसं येईल? पटच पन्नासची आहे. एक अंडं दिसलं की पन्नास, दोन दिसली की शंभर. हे तू मला शिकवतेस?”

मी म्हटलं, बरोबर, नव्वद माझं चुकलं. मग पन्नास का नाही एकदाही? दीडशे का नाही?

मग म्हणालास, “गणपतीचा पहिला आठवडा आहे, तुमच्याकडे ढोल वाजतोय, मला ऐकू येत नाही.” ढोल नव्हता. बाहेर पाण्याचा टँकर उभा होता.

मग तू खरा मुद्दा काढलास. “मी वहीचे फोटो आत्ता समोर उघडून बसलोय. हे पुनाभाऊचं अक्षर नाही. हे तुझं अक्षर आहे, अक्का. तुझा श असाच असतो, पोट फुगलेला. शाळेत असल्यापासून.”

मी म्हटलं, काही पानं माझी असतील.

“काही? सगळी.”

मी फोन ठेवला. आज पुनाभाऊला वही दाखवून विचारलं, त्या जुलैत ही पानं तूच लिहिलीस ना. तो म्हणाला, “मी तं रजावर व्हतू. मना पायना हाड मोडेल व्हतं. मना नाववर कसाले ढकली राहिनी, अक्का?” आणि हसला. तो निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस आहे. त्याच्या नावावर ढकललं ते मी मागे घेते. वही माझी, अक्षर माझं. मी तेव्हा एकटीच काम करत होते आणि एकटं असलं की मी अहिराणीत लिहिते, तुला आवडो न आवडो.

तुझं दुसरं म्हणणं होतं की काच फुटल्याचं मी तुला कळवलं नाही. हेही खरं आहे. ती काच तू तिकडून कुणाबरोबर तरी पाठवली होतीस, कापसात गुंडाळून, वर चिठ्ठी: ‘अक्का, ही इथेही सहज मिळत नाही. तुझ्या हातून भांडी फुटतात, म्हणून सांगतो.’ ती मोरीच्या कडेवर आपटून फुटली. तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास ते मला पाठ होतं. मी पुण्याला नवी मागवली. ती यायला अकरा आठवडे लागले. रोज वाटत होतं उद्या येईल.

तुझं तिसरं म्हणणं. “निमखेडीचा कळप तीस वर्षं औषधाशिवाय जगला, हे तर खरं ना? ते कुठल्या अक्षरावर अवलंबून आहे?”

हे मला छळत होतं, म्हणून काल संध्याकाळी पुन्हा निमखेडीला गेले. रुपचंद आबा बांधावर बसले होते. मी विचारलं, आबा, इतरांच्या मरतात आणि तुमच्या का मरत नाहीत?

ते म्हणाले, “मी पावसाळामा बकऱ्या खाले उतरूच देत नही. वर खडकवर चारस. खाले ओला चारामा जंत शेतस, हाई मना बापले बी मालूम व्हतं.”

मी विचारलं, हे योगेंद्रला सांगितलं होतं का?

“त्यानी रगत काढं, लेंड्या काढ्यात, कान मोज्यात. कोठे चारतस, हाई नही इचारं. तुनी तरी कोठे इचारं?”

मी नव्हतं विचारलं. तीन वर्षं दर पंधरा दिवसांनी जात होते, सकाळी सातच्या आत, बकऱ्या वाड्यात असतानाच. त्या सुटल्यावर कुठे जातात ते पाहायला कधी थांबले नाही. परतीची एसटी पावणेआठला होती.

म्हणजे त्या बकऱ्यांच्या अंगात ताकद आहे की त्यांच्या पायाखाली खडक आहे, हे आपल्याला ठाऊक नाही. ताकद असेलही थोडी. आधीच्या उन्हाळ्यातले आणि हिवाळ्यातले आकडे मी नीट मोजलेले आहेत आणि त्यात काहीतरी आहे असं मलाही वाटतं. पण भिकुबाईंकडे खडक नाही. त्यांच्याकडे नाल्याकाठची दीड एकर गवताळ पट्टी आहे. तिथे आपण बोकड पाठवला आणि औषध काढून घेतलं.

तू संस्थेला अजून लिहिलेलं नाहीस. मी प्रेमराज नानांना आज विचारलं.

ज्योत्स्ना


धुळे, २ सप्टेंबर २०२५

योगेंद्र,

कालच्या ईमेलला तू जोडलेला कागद पाहिला. १४ मार्च २०२३. टंकलिखित तक्ता, नऊ पानं, प्रत्येक पानाच्या तळाशी ‘मूळ वहीशी ताडून पाहिले, बरोबर आहे’ आणि माझी सही. तू खाली लिहिलं आहेस, ‘बोल आता.’ हे मराठीत लिहिलंस. दोन आठवड्यांतलं तुझं पहिलं लेखी मराठी.

बोलते.

पाचव्या पानावर ते शंभर होते. एकाखाली एक, पूर्ण पान. मी सही करण्याआधी पाहिले. एका मिनिटात कळलं तू काय केलं आहेस. मला हसू आलं. कार्यालयात सोबत हसायला दुसरं कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात तू फोन करून सांगितलं होतंस की लेखावर पाच नावं जातील आणि माझं त्यात बसत नाही, कारण ‘मोजणं म्हणजे संशोधन नाही, अक्का, राग मानू नकोस.’ मी राग मानला नाही असं म्हणाले होते.

मी सही केली. मला वाटलं, कुणीतरी पकडेल. एवढी मोठी माणसं वाचणार, त्यातल्या एकाला तरी विचारावंसं वाटेल की हे असं कसं. मग ते तुला विचारतील, तू मला विचारशील, आणि मी तुला सांगेन की ‘शे’ म्हणजे काय. तू भर सभेत उभा आहेस आणि तुझ्या मागे पडद्यावर शंभरांची रांग आहे, हे मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं होतं. खूपदा.

कुणीच पकडलं नाही. लेख छापून आला. तुला दुसरी पाठ्यवृत्ती मिळाली. जळगावच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो आला आणि मावशीने तो कापून मला पाठवला. तेव्हाही मी बोलू शकले असते. तुझा नंबर तेव्हा चालू होता. आभाराच्या परिच्छेदावरून भांडले, ते तुझ्या लक्षात आहे. पाचव्या पानाबद्दल शब्द काढला नाही. तू नंबर बंद केलास त्या दिवशी मला खरं तर हलकं वाटलं. आता सांगायला वाटच उरली नाही, असं स्वतःला म्हणता आलं.

बोकड वाटल्याचं मला गेल्या वर्षीच कळलं होतं. कागदही पाहिला होता. एक पावसाळा जाऊ दे, म्हटलं. आठच घरं आहेत.

आज फैसलचा मेलेल्या बकऱ्यांचा आकडा तेवीस आहे.

तेव्हा तुझा ‘बोल आता’ मान्य. पण तू काय सिद्ध केलंस ते नीट वाच. तू चुकून शंभर लिहिलंस आणि मी जाणूनबुजून बरोबर म्हटलं. माझं पाप तुझ्याहून मोठं आहे. त्याने तुझा आकडा खरा होत नाही. हा कागद तू ढाल म्हणून पाठवलास. मासिकाने तोच माझ्या या पत्रासोबत वाचला तर त्यांना पहिल्या ओळीत कळेल की तक्ता खोटा आहे हे दोन्ही भावंडांना आता माहीत आहे, आणि त्यातला एक अजून गप्प आहे.

ज्योत्स्ना


धुळे, ६ सप्टेंबर २०२५

योगेंद्र,

काल तुझे तीन फोन आले, तिसरा घेतला. तू ओरडला नाहीस. त्यापेक्षा ओरडला असतास तर सोपं गेलं असतं.

तू म्हणालास, “अक्का, फक्त तीस तारखेपर्यंत थांब. सत्तावीसला पाठ्यवृत्तीच्या समितीची बैठक आहे. पुढच्या तीन वर्षांचं ठरणार आहे. एकदा ते झालं की मी स्वतः दुरुस्ती पाठवतो. माघार नाही, दुरुस्ती. तुझं नाव त्यात घालतो, सहलेखक म्हणून.”

मी विचारलं, आणि पंधरा तारीख?

“बोकड वाटू देत. औषधाचं मी प्रेमराज नानांना तोंडी सांगतो. बंद नका करू म्हणून.”

तोंडी?

“लेखी दिलं की ते समितीपर्यंत जाईल, तुला कळत नाही का!”

मला कळतं. म्हणून आज सकाळी मीच प्रेमराज नानांना फोन करून विचारलं की योगेंद्रचा तोंडी निरोप आला तर कागद बदलाल का. ते म्हणाले, “ताई, साठ कागद छापून तयार आहेत. तोंडी निरोपावर मी छापील कागद कसा बदलू? उद्या तुमचा भाऊ म्हणेल, मी असं बोललोच नव्हतो.” आणि वर म्हणाले, “तुम्ही दोघं भाऊबहीण आहात ना? मग माझ्यामार्फत काय बोलता?”

तुझ्या सहलेखकपणाबद्दल. अडीच वर्षांपूर्वी हे म्हणाला असतास तर मी पाचवं पान तुझ्यापुढे टाकलं असतं आणि आपण हसलो असतो. तेव्हा ते नाव माझं होतं. आता ते माझ्या गप्प बसण्याचा मोबदला आहे. असल्या मोबदल्यासाठी मी आधी एकदा गप्प बसले आहे आणि त्या वेळी तर तू काही देतही नव्हतास.

तू एक गोष्ट खरी बोललास, की माझ्यामुळे तुझी पाच वर्षं जातील. जातील. हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे आकडे खरे आहेत, त्यांच्यावर तुला पुन्हा उभं राहता येईल, पण समिती ते ऐकायला थांबेल असं वाटत नाही. मी तुला हौसेने बुडवते आहे असं तुला वाटत असेल तर वाटू दे. २०२३ साली ती हौस होती. आता हौस राहिलेली नाही. आता भिकुबाईंच्या पाच बकऱ्या उरल्या आहेत. सकाळी त्यांनी फोनवर विचारलं, “बाई, आते पाजू का दवाई? का तुना भाऊले इचारीसन सांगशी?”

मी म्हटलं, पाजा. आत्ता पाजा. फैसल औषध घेऊन दुपारी गेला. गळ्याखाली पाणी भरलेली एक बकरी वाचेल असं तो म्हणतो, दुसरीबद्दल काही म्हणत नाही.

आता पुढे काय होणार ते कळवते, म्हणजे तुला दुसऱ्याकडून कळायला नको.

वहीच्या अकरा आठवड्यांच्या पानांचे फोटो, माझ्या सहीचा तक्ता, फैसलचे अहवाल आणि माझं निवेदन आज दुपारी मासिकाच्या संपादकांना गेलं. निवेदनात मी लिहिलं आहे की ‘शे’ हा आकडा नाही, क्रियापद आहे. ते त्यांना कसं समजावायचं यात अर्धा दिवस गेला. चूक वाचण्यात झाली एवढंच तुझ्याबद्दल लिहिलं आहे. माहीत असून दडवलं, ते माझ्याबद्दल लिहिलं आहे. तू अठरा दिवस गप्प आहेस ते लिहिलेलं नाही. ते तुझ्या हातात आहे, तू अजूनही स्वतः त्यांना लिहू शकतोस.

सोमवारी, आठ तारखेला, जिल्हा कार्यालयात बैठक आहे. संस्थेचे लोक, आमचे उपायुक्त, फैसल, आणि आठ घरांपैकी जी येतील ती. रुपचंद आबा येणार आहेत. त्यांना पहिल्यांदा कुणीतरी विचारणार आहे, म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून येणार असल्याचं त्यांनी मला कळवलं आहे. निवेदन मी तिथे वाचून दाखवेन. त्यानंतर माझ्यावर चौकशी बसेल. निलंबन बहुधा त्याच आठवड्यात होईल असं उपायुक्तांच्या कारकुनाने आजच कानावर घातलं. निवेदन वाचल्यावर कागद छापणारे प्रेमराज नाना ते साठ कागद परत घेतात की नाही, हे त्यांच्या तोंडून तिथेच, सगळ्यांसमोर ऐकायचं आहे. माझ्या एकटीच्या शब्दावर घेतीलच अशी खात्री नाही. मी खोटी सही केलेली बाई आहे, हे त्यांना त्याच बैठकीत कळणार आहे.

लेखावर नाव तुझं आहे. तुझी एक ओळ आली, तर ते तिथल्या तिथे थांबवतील. इंग्रजीत चालेल.

बैठक अकराला सुरू होईल. तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेसात वाजलेले असतील. निवेदन वाचायला मला साधारण दहा मिनिटं लागतील. त्यानंतर नाना सगळ्यांसमोर विचारतील, “डॉक्टरांचं काय म्हणणं आहे?” आणि मी टेबलावरच्या कार्यालयाच्या संगणकावर ईमेल उघडून बघेन.

ज्योत्स्ना